रिकाम्या खणातलं गाणं

९ मार्च २०२५, रविवार

आज सकाळी मी मोरीतल्या दगडावर बसून एक सीडी धुतली. अंघोळीच्या साबणाचा फेस बोटावर घेऊन, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल घासायची नाही, असं सरितानं पुण्याहून फोनवर दोनदा बजावलं होतं. मग मऊ फडक्यानं टिपून ती खिडकीत उभी करून ठेवली.

आई ओसरीवर तुरी पाखडत होती. म्हणाली, "काय धुऊन राहिला रे भीमराज?"

"सीडी."

"आमाला वाटलं ताटली. घरात बायको असून मोरीत बसला म्हणून इचारलं."

"दादांची गाणी आहेत हिच्यात."

सूप थांबलं. "मंग नीट घास," ती म्हणाली.

गेल्या रविवारी वंदना झाल्यावर विहार समितीचा सचिव बुद्धभूषण उठून उभा राहिला आणि म्हणाला, की पुंजाजीबुवांच्या गाण्यांचं पुस्तक येत्या बुद्ध पौर्णिमेला पुन्हा छापू. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ते पुस्तक २००२ सालचं. विहारात एकच प्रत उरली होती, तिला वाळवी लागली. टाइप मीच केलं होतं, कळमनुरीला तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान नवीन होतं तेव्हा. मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, "फाइल आहे माझ्याकडे."

सीडी वाळल्यावर चालली. फाइल दिसली, तारीखही दिसली. उघडायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, फाइल खराब आहे.

दुपारी जेवताना आईनं विचारलं, "त्यात माजं गाणं हाय का?"

मी म्हणालो, "बघतो."

१२ मार्च

सरिताला फाइल पाठवली. माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. तिचा पहाटे फोन आला. फाइलचं पहिलं पान तेवढं सीडीच्या ओरखड्यानं गेलंय, म्हणे, आतला माल बहुतेक शाबूत आहे. पण जुन्या काळची फाइल म्हणजे साधा मजकूर नसतो. तिच्यात पाचशे बारा अक्षरं मावतील एवढे खण असतात, आणि कोणत्या खणानंतर कोणता वाचायचा याची यादी वेगळ्याच खणात असते. यादी वाचून खण क्रमानं लावणारा प्रोग्राम लिहायचा.

"मग लिही की," मी म्हणालो.

"मी नाही. तुम्ही लिहा."

"मी पन्नाशीला आलोय, सरिता. झेडपीच्या शाळेत शिकलेला माणूस मी."

"अर्ध्या तहसीलला टायपिंग कुणी शिकवलं? रोज सकाळी पाच ते सहा मी शिकवते. फी पुरणपोळी."

हे ऐकून तिची आई हसली. ती सहसा आमच्या कॉम्प्युटरच्या बोलण्यात पडत नाही. म्हणाली, "होऊन जाऊ द्या."

१६ मार्च, रविवार

विहारात पंचशील म्हणताना आज चौथ्या शीलापाशी माझा आवाज बसला. खोटं न बोलण्याचं शील. ओठ हलवले, शब्द बाहेर काढला नाही. शेजारी कुणाला कळलं नसावं. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं असंही नाही, पण आज ते मला ऐकू आलं.

ही वही सरितानं दिलेली आहे, दुसरं कुणी वाचत नाही. म्हणून इथं लिहितो.

दादांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पेटी वाजवून ते गावोगाव गाणी म्हणत, सगळी स्वतः केलेली. पुस्तकासाठी ते दुकानात येऊन बसत, एकेक ओळ सांगत आणि मी टाइप करी. बेचाळीस गाणी झाली. त्यातलं एक गाणं आईचं होतं. आई बाळंतीण असताना दादांनी तिचं लुगडं कयाधू नदीच्या घाटावर नेऊन धुतलं, त्याचं गाणं. गाव हसलं म्हणून त्यांनी स्वतःवरच गाणं केलं आणि गावाला आणखी हसवलं. मी पाळण्यात असल्यापासून ते घरात होतं.

पण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. दुकानात तहसीलचे कारकून चहा प्यायला बसत, मला "भीमराजसाहेब" म्हणत. मुखपृष्ठावर तथागतांचं चित्र, आणि आत माझा बाप बाईचं लुगडं आपटतोय, हे मला सहन होईना. पुस्तकाला शोभत नाही असं मी मनाशी म्हणालो. गाणं निवडलं आणि एक कळ दाबली.

छपाईच्या आधी दादा आले. बोटं दुमडत त्यांनी गाणी मोजली, मला वाचायला लावून. म्हणाले, "मालनचं राहिलं."

मी म्हणालो, "ते मशीननं खाल्लं, दादा. आता येत नाही परत."

दादांनी बराच वेळ मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, "खाल्लं तर खाल्लं. भुकेलं असंल."

'पुन्हा सांगतो, लिहून घे,' असं ते म्हणाले नाहीत. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ते गाणं कधी म्हटलं नाही. २०११ ला ते गेले. आई-दादांना मी एकटाच. आई मात्र वर्षातून एकदा तरी विचारते, माजं गाणं कुठं गेलं.

२१ मार्च

प्रोग्राम लिहायला बसलो की ओळीच्या सुरुवातीला चार मोकळ्या जागा द्याव्या लागतात. एक कमी पडली तरी रुसतो. टायपिंगमध्ये परिच्छेदाला मीच पोरांना हे शिकवत होतो, तरी सात वेळा चुकलो.

आज एक गंमत. फाइलमधले आकडे उलटे लिहिलेले असतात, लहान भाग आधी आणि मोठा नंतर. मी चार दिवस सरळ वाचत होतो, म्हणून खण भलतेच निघत होते. सरिता म्हणाली, सगळे इथंच फसतात. मी म्हणालो, "यात काय? आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी आणि वीस नंतर. फाइल मराठीत मोजते."

तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "पप्पा, हे मी ऑफिसात सांगणार आहे."

दिवसभर बरं वाटलं.

२९ मार्च

खण क्रमानं लागले. पडद्यावर मजकूर आला आणि वाचता येईना. टोप्यांसारख्या खुणा, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं. तेव्हाचा मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या अंगावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं. फाँट गेला, चित्र गेलं, खालचं उघडं पडलं.

कोणत्या खुणेचं कोणतं अक्षर, ही यादी सरिताला कुठं मिळेना. मी डोळे मिटून टेबलावर बोटं ठेवली, टाइप करताना ठेवायचो तशी. आणि बोटांनाच विचारलं, 'मा' कसा मारायचो? डाव्या हाताची करंगळी हलली. 'ल'? उजव्या हाताचं मधलं बोट. डोक्यातून सगळं गेलंय, बोटांत आहे. तासाभरात वहीची दोन पानं भरली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची, तिला उचलून मागं नेण्याच्या ओळी वेगळ्या लिहिल्या.

आई चहा घेऊन आली. मी डोळे मिटून टेबल बडवतोय हे बघून दारातच थांबली. "तुजा बाप पेटी नसली का असाच मांडीवर वाजवायचा," एवढं म्हणून कप ठेवून गेली.

६ एप्रिल, रविवार

सगळी गाणी आली. एक्केचाळीस. काना-मात्रेसकट. पहिलं गाणं मोठ्यानं वाचलं तेव्हा सरिताच्या आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि ऐकत उभी राहिली. भाकरी करपली.

बेचाळिसावं नव्हतं. असणार कुठून? आईला सांगितलं, "तुझं नाही सापडलं."

"पुरतं पचवलं का मशिनीनं?" ती म्हणाली.

तिच्याकडे बघून मला वाटलं ती हसतेय. बहुधा उन्हानं डोळे बारीक केले असतील.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. मी शोधलं, मिळालं नाही, यात खोटं काही नाही. पण सरितानं संध्याकाळी विचारलं, "पप्पा, रिकामे खण वाचले का?"

"रिकाम्यात काय असणार?"

तिनं समजावलं. आपण मजकूर पुसतो तेव्हा फाइल तो पुसत नाही. यादीत एवढंच लिहिते की हा खण आता रिकामा समजा. दुसरं काही तिथं येऊन बसलं नाही, तर जुना मजकूर तसाच पडून असतो. म्हणजे हजेरीपटावरून नाव खोडलं, पोरगं मात्र मागच्या बाकावर बसलेलंच.

"बघतो," मी म्हणालो.

१५ एप्रिल

काल जयंती झाली. आठवडाभर दुकानात बॅनर, पत्रिका, परवानग्यांचे अर्ज. मान वर करायला वेळ नव्हता. सरिताचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा हेच सांगितलं.

आज आईला हिंगोलीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा कान गेलाच आहे, डावाही हळूहळू कमी होतोय. मशीन लावून थोडं भागेल, म्हणाले. परतताना जीपमध्ये ती डाव्या बाजूला सरकून बसली, माझं बोलणं ऐकू यावं म्हणून. वाटेत म्हणाली, "पुनवेला गाणे म्हणतील ना इहारात? तवरोक ऐकू आलं म्हंजे बास."

कामामुळे वेळ नव्हता हे अर्धंच खरं आहे. सकाळचे पाच ते सहा मोकळेच होते. मी उठत होतो, चहा घेत होतो आणि अंगणात बसत होतो.

१९ एप्रिल

पहाटे बसलो. यादीनं रिकामे म्हटलेले खण अकरा निघाले. प्रोग्रामला सांगितलं, यादीकडे बघू नको, हे अकरा जसे आहेत तसे वाच.

पहिल्या पाचांत काही नाही. सहाव्यात एका लग्नपत्रिकेचा तुकडा, कुणाची ते कळलं नाही. नवव्या खणात ते होतं.

*हसा गड्यांनो, हसा बायांनो, आज मी घाटावर बसलो*
*मालनबाईचं लुगडं घेऊन कयाधूत मी घुसलो*

*गावोगावी पेटी वाजली, वाहवा माझी झाली*
*बाजंवरल्या मालनबाईनं रात एकटीनं नेली*

*तीन दिसाचं लेकरू घरात, पाणी तापाया ठेवलं*
*ज्या हातानं सूर धरला त्या हातानं लुगडं धुतलं*

*पुंजाजी म्हणे लेकरा माझ्या, मोठा होशील, शिकशील*

इथं खण संपला. पुढची एक ओळ पुढच्या खणात गेली असणार, आणि तिथं छापखान्याचा पत्ता येऊन बसला होता. तोही मीच टाइप केलेला, गाणं काढल्यावर. सात ओळी आहेत, आठवी नाही. कितीही आठवली तरी येईना. बोटांनाही विचारलं.

मशीननं खाल्लं नव्हतं. मी नको म्हटलं होतं ते त्यानं बावीस वर्षं सांभाळलं, माझ्या एका सीडीवर, माझ्याच कपाटात.

सरिताला कळवलं. तिनं विचारलं, "मग हे गाणं पुस्तकात का नव्हतं?"

मी म्हणालो, "आधी आजीला सांगतो. मग तुला."

२७ एप्रिल, रविवार

आठ दिवस रोज ठरवत होतो. आज सांगितलं.

आई गच्चीवर कुरडया राखत बसली होती, हातात काठी. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो.

"आई, तुझं गाणं सापडलं."

"मंग म्हण."

"आधी एक सांगायचंय. मशीननं खाल्लं नव्हतं ते. मी काढलं होतं."

तिनं एक कुरडई उलटली. "काहून?"

"लाज वाटली."

"कोनाची? माजी का त्याची?"

"माझीच. दुकानात कारकून बसायचे. ते हसतील म्हणून."

"हासलेच असते," आई म्हणाली. "हासायचंच गाणं हाय ते. म्हण आता, ऊन चढून राहिलं."

मला दादांसारखा गळा नाही. मी वाचल्यासारखं म्हटलं. लुगड्याच्या ओळीला तिनं तोंडावर पदर घेतला, खांदे हलत होते. सातव्या ओळीवर मी थांबलो.

"पुढची नाही. तिच्या जागी दुसरंच येऊन बसलंय."

आई पाण्याच्या टाकीवरच्या कावळ्याकडे बघत होती. तिकडेच बघत, चाल न लावता, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली,

"*बाप तुझा घाटावर होता, सांगाया का रं लाजशील?*"

आणि मग, "हाकल तो कावळा. नुसता बसून काय राहिला."

मी कावळा हाकलला. टाकीमागं जरा वेळ उभा राहिलो. खाली आल्यावर चेहरा धुतला.

तिला शेवटची ओळ येत होती म्हणजे सगळंच गाणं येत असणार. मग इतकी वर्षं ती माझ्याकडे का मागत होती, हे मला नीट कळलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही. आज रात्री जेवताना तिनं भाकरी मागून घेतली, एरवी अर्ध्यावर उठते.

२ मे

पुस्तक नांदेडला छापायला गेलं. बेचाळीस गाणी. आईचं शेवटी, आणि त्याखाली मी एक ओळ टाकली: 'हे गाणं पहिल्या आवृत्तीतून मी गाळलं होतं. भीमराज पुंजाजी.'

बुद्धभूषणनं ती ओळ वाचून डोकं खाजवलं. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, शाळेत शिकवतो, मला काका म्हणतो. "काका, हे कशाला? पहिल्या वेळी छपाईत चुकून राहिलं, असं टाकू. कोण इचारायला येतं?"

"एकदा मशीनवर ढकललं होतं. आता छापखान्यावर ढकलू का?"

"तसं न्हाई. तुमी विहारात बोलता, लोक मानतात तुमाला."

"म्हणूनच."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "मंग एक करा. पुनवेला हे गाणं तुमीच म्हणा. पोरायला सांगतो तर लुगड्यापाशी खिदळतील."

घरी येईपर्यंत मोटारसायकलवर स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं. घराशी पोहोचल्यावर फोन करून हो सांगितलं.

१२ मे, सोमवार, बुद्ध पौर्णिमा

सकाळी वंदना झाली. पाचही शीलं आवाज काढून म्हटली.

सरिता कालच पुण्याहून आली. पुरणपोळीची फी वसूल करून आजीला विहारात घेऊन आली, पांढरं लुगडं नेसवून, डाव्या कानात नवीन मशीन घालून. आईला बायकांच्या पुढच्या ओळीत बसवलं. पुस्तकं वाटली गेली. पोरांनी पेटीवर चार गाणी छान म्हटली. मग बुद्धभूषणनं माझं नाव घेतलं.

मी उभा राहिलो. आधी सांगितलं, की हे गाणं दादांनी २००२ सालीच मला दिलं होतं, मला लाज वाटली म्हणून मी ते पुस्तकातून काढलं, आणि मशीननं खाल्लं असं त्यांना खोटं सांगितलं. एवढं बोलायला मिनिटही लागलं नाही. विहारात पंख्याचा आवाज येत होता. मागं कुणीतरी खोकलं.

मग गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला बायका हसल्या, मग पुरुष. शेजारच्या म्हातारीनं आईला कोपरानं ढोसलं, "व्हय का गं मालन?" आई ताठ बसली. तिसऱ्या कडव्याला हसू थांबलं. शेवटच्या ओळीपाशी माझा आवाज खाली गेला, जेमतेम पुटपुटलो आणि बसायला वाकलो.

"बसू नको!" आई पुढच्या ओळीतून मोठ्यानं म्हणाली. "मागच्यायला ऐकू न्हाई गेलं. आवाज चढव."

मी सरळ झालो, आवाज चढवला आणि ती ओळ पुन्हा म्हटली.